कायदा करायचा कुणी? संमतिवयाचा वाद आणि परंपरावादी नेत्याची भाषा

आज आपण एका कायद्याबद्दल बोलणार आहोत. खरं तर त्या कायद्याबद्दल कमी आणि त्याला विरोध करताना जी भाषा वापरली गेली तिच्याबद्दल जास्त. कायदा तसा एवढासाच होता. १९ मार्च १८९१ रोजी व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात तो मंजूर झाला आणि मुलीचं संमतिवय दहावरून बारा झालं. लग्न झालेल्या मुलीलाही ते लागू होतं. म्हणजे बायको बारा वर्षांच्या आतली असताना नवऱ्यानं तिच्याशी संबंध ठेवला तर तो गुन्हा. लग्नाच्या वयाला या कायद्यानं हात लावला नव्हता. मुलीचं लग्न पाचव्या वर्षी लावा, सातव्या वर्षी लावा, सरकार काही म्हणणार नव्हतं. आणि या दोन वर्षांच्या फरकासाठी पुण्यात आणि कलकत्त्यात जे रान पेटलं, ते पेटवण्यात आणि विझवण्यात पुढची पाचसहा वर्षं गेली.

हा विषय घेण्याचं कारण असं. संस्कृतीवरून वाद झाला की परंपरेची बाजू घेणाऱ्या राजकारण्यानं बोलावं कसं, हा प्रश्न आपल्याकडे नीट विचारलाच जात नाही. विरोधकांना वाटतं त्यानं बोलूच नये. पाठीराख्यांना वाटतं त्यानं अजून मोठ्यानं बोलावं. आपण आज असं धरून चालू की परंपरा राखू पाहणाऱ्या माणसाच्या म्हणण्यात काहीतरी ऐकण्यासारखं असू शकतं. आणि मग बघू की ते म्हणणं कोणत्या शब्दांत मांडलं असता टिकतं आणि कोणत्या शब्दांत सडतं. मराठीत यासाठी बाळ गंगाधर टिळकांपेक्षा चांगलं उदाहरण नाही. कारण एकाच माणसानं, एकाच प्रश्नावर, सहा महिन्यांच्या आत दोन्ही प्रकारची भाषा वापरली.

थोडी पार्श्वभूमी. १८८४ साली बेहरामजी मलबारी या पारशी पत्रकारानं बालविवाह आणि सक्तीचं वैधव्य यांवर दोन टिपणं प्रसिद्ध केली आणि सरकारनं काहीतरी करावं अशी मागणी केली. सरकारनं मतं मागवली, फाइल जाड झाली, पुढं काही झालं नाही. त्याच सुमारास मुंबईत रखमाबाईंचा खटला उभा राहिला. अकराव्या वर्षी लग्न झालेली ही मुलगी मोठी झाल्यावर नवऱ्याकडे नांदायला जायचं नाकारत होती. १८८५ साली न्यायमूर्ती पिन्ही यांनी तिच्या बाजूनं निकाल दिला. अपिलात तो फिरला. १८८७ साली कोर्टानं सांगितलं, नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. रखमाबाईंची तयारी तुरुंगाची होती. शेवटी १८८८ साली पैसे देऊन तडजोड झाली, त्या इंग्लंडला गेल्या आणि डॉक्टर होऊन परतल्या. टिळकांनी या खटल्यात धर्मशास्त्राची बाजू घेतली होती, हे लक्षात ठेवू.

मग १८९० साली कलकत्त्यात हरि मोहन मैती नावाच्या माणसावर खटला चालला. त्याचं वय पस्तिशीच्या आसपास. त्याची बायको फुलमणी, दहा-अकरा वर्षांची. नवऱ्यानं केलेल्या संबंधामुळे ती रक्तस्राव होऊन मेली. १८६० च्या दंडसंहितेत मर्यादा दहाची होती आणि फुलमणी दहाच्या वर होती, त्यामुळे बलात्काराचा आरोप टिकणारच नव्हता. हरि मोहनला शिक्षा झाली एक वर्षाची. देशातल्या पन्नासहून अधिक महिला डॉक्टरांनी व्हाइसरॉयकडे अर्ज केला आणि आपल्याकडे आलेल्या अशाच मुलींच्या जखमांची यादी त्यासोबत जोडली. ९ जानेवारी १८९१ ला सर अँड्र्यू स्कोबल यांनी विधेयक मांडलं.

आता टिळकांकडे येऊ. साल १८९०, वय ३४. आगरकरही ३४ चे, दोघं एकाच वर्षी, एकाच जुलै महिन्यात जन्मलेले. एकत्र शाळा काढली, एकत्र कॉलेज काढलं, एकत्र डोंगरीच्या तुरुंगात बसले. १८८७ साली आगरकर केसरीतून बाहेर पडले आणि पुढच्या वर्षी त्यांनी सुधारक काढला. १८९० च्या अखेरीस टिळक डेक्कन एज्युकेशन सोसायटीतून बाहेर पडले. म्हणजे संमतिवयाचा वाद आला तेव्हा टिळकांच्या हातात संस्था नव्हती, नोकरी नव्हती. होती ती फक्त वर्तमानपत्रं.

आणि या वेळी, विधेयक यायच्या आधी, १८९० च्या उत्तरार्धात त्यांनी एक गोष्ट केली जी आज फारशी कुणाला आठवत नाही. त्यांनी सुधारकांसमोर स्वतःची कलमं ठेवली. मुलीचं लग्न सोळाच्या आत करायचं नाही. मुलाचं विसाच्या आत करायचं नाही. चाळिशीनंतर पुरुषानं लग्न करू नये, करायचंच असेल तर विधवेशी करावं. हुंडा बंद. दारू बंद. विधवेचं केशवपन बंद. आणि प्रत्येक सुधारकानं आपल्या मिळकतीचा दहावा हिस्सा सार्वजनिक कामाला द्यावा. ज्यांना हे पटतं त्यांनी सह्या कराव्यात, स्वतःला बांधून घ्यावं, आणि कायदा हवाच असेल तर सह्या करणाऱ्यांपुरता करावा.

बघा, काय ताकदीची मांडणी आहे ही. सरकार बाराची गोष्ट करतंय, हा माणूस सोळाची करतोय. सरकार लग्नाच्या वयाला हात लावत नाही, हा लावतोय. सुधारणा विरुद्ध परंपरा हे भांडणच यानं बाजूला सारलं आणि दुसरं भांडण पुढं आणलं: समाजानं बदलायचं ते कुणाच्या हुकमानं? स्वतःच्या की परक्याच्या? हा प्रश्न खोटा नव्हता. १८५८ च्या राणीच्या जाहीरनाम्यात धर्मात ढवळाढवळ करणार नाही असं वचन होतं, आणि १८९१ च्या कायदेमंडळात एकही सभासद लोकांनी थेट निवडून दिलेला नव्हता. ज्या मंडळात आपला प्रतिनिधी नाही त्यानं आपल्या घरातल्या गोष्टींवर कायदा करू नये, हे म्हणणं आपण उडवून लावू शकत नाही.

शिवाय त्यात एक बोचरा टोलाही होता, आणि तो बरोबर लागला. सुधारक सभांमधून बोलतात पण स्वतःच्या घरात करत नाहीत, हा जुना आरोप होता. रानड्यांसारख्या माणसानं १८७३ साली, पहिली पत्नी वारल्यावर, वडिलांच्या आग्रहाखातर अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न केलं होतं. (त्या मुलीच्या पुढं रमाबाई रानडे झाल्या हा भाग वेगळा, त्यात रानड्यांचं श्रेय आहे, लग्नाच्या वयाचं नाही.) तर टिळक म्हणत होते, सही करा. बहुतेकांनी केली नाही. त्या घटकेला वादात टिळक उजवे ठरले होते असं आम्हाला वाटतं.

इथेच ते थांबले असते तर? किंवा खरं म्हणजे, इथून पुढं गेले असते तर? सुधारकांनी सही केली नाही, ठीक. पण केसरीच्या वाचकांकडून, पुण्यातल्या भिक्षुकांकडून, गावोगावच्या वतनदारांकडून सह्या गोळा करायला कुणी अडवलं होतं? परंपरावादी नेत्याचं वजन तर तिथंच असतं. जे लोक आगरकरांचं तोंड पाहायला तयार नव्हते ते टिळकांचं ऐकत होते. ते वजन त्या कलमांमागे उभं राहिलंच नाही. कागद सुधारकांना पेचात पकडण्यापुरता कामी आला, आणि मग तो बाजूला पडला.

जानेवारी १८९१ पासून भाषा बदलते. आता मुद्दा गर्भाधानाचा येतो. शास्त्रानुसार मुलीला पहिला ऋतू आल्यावर गर्भाधान संस्कार व्हायला हवा. ऋतू बाराच्या आत आला तर कायदा संस्कारात आडवा येईल. म्हणून हा धर्मात हस्तक्षेप आहे. समोर डॉ. रा. गो. भांडारकर उभे राहिले. संस्कृतातले त्या काळचे सर्वांत मोठे पंडित. त्यांनी ग्रंथांचे आधार काढून दाखवले की पहिल्याच ऋतूला गर्भाधान करणं सक्तीचं नाही, आणि प्रौढ मुलीचं लग्नही शास्त्राला नवं नाही. टिळकांनी उलट आधार काढले. दोघंही विद्वान, दोघंही तुटून पडलेले. अर्थांची चिरफाड, सूत्रं, स्मृती, टीकाकार. ज्यांना संस्कृत कळत नव्हतं त्यांनाही यात मजा येत होती, जशी आज टीव्हीवरच्या चर्चेत येते.

आता आपण जरा थांबून दोन कागद शेजारी शेजारी ठेवू. एका कागदावर टिळक म्हणतात मुलीचं लग्न सोळाच्या आत नको. दुसऱ्यावर म्हणतात ऋतू आल्यावर गर्भाधान व्हायलाच हवं, बाराची अट शास्त्राच्या आड येते. पहिला कागद अमलात आला तर दुसऱ्यावरचं शास्त्र आपोआप मोडतं. सोळाव्या वर्षी लग्न होणाऱ्या मुलीचा पहिला ऋतू लग्नाआधीच येऊन गेलेला असणार. म्हणजे शास्त्र मोडायला टिळकांची स्वतःची हरकत नव्हती! मग शास्त्राचा मुद्दा आणला कशाला?

टिळकांच्या बाजूनं याचं उत्तर देता येतं. ते म्हणाले असते, आम्ही आपखुशीनं शास्त्र बदलणं वेगळं आणि तुम्ही दंडुक्यानं बदलायला लावणं वेगळं. मान्य. पण मग तेवढंच म्हणायला हवं होतं. ‘कुणी करायचं’ हा मुद्दा स्वतःच्या पायावर उभा राहतो, त्याला ग्रंथाच्या टेकूची गरज नाही. टेकू लागला, कारण समोरची गर्दी सोळाच्या कलमासाठी जमलेली नव्हती. ती जमली होती ‘धर्म बुडाला’ हे ऐकायला. परकं सरकार आणि प्रतिनिधित्व हा मुद्दा तेव्हा फार थोड्यांना कळणारा होता. गर्भाधान सगळ्यांना कळत होतं. नेत्याला गर्दी हवी होती आणि गर्दीला तिचा मुद्दा. हा सौदा झाला.

सौद्याची किंमत पहिल्यांदा युक्तिवादालाच मोजावी लागली. विधेयकाच्या समर्थकांनी साधा प्रश्न विचारला: १८६० साली दहाची मर्यादा घातली, तेव्हा जाहीरनामा मोडला का? तीस वर्षं कुणी तक्रार केली नाही. दहा चालतं आणि बारा चालत नाही, हे कोणत्या तत्त्वानं? आणि त्याच्या मागं १८२९ चा सतीबंदीचा कायदा होता, १८५६ चा विधवाविवाहाचा होता. न्यायमूर्ती तेलंग हे काही आगरकरांसारखे जहाल नव्हते. १८८६ च्या आपल्या व्याख्यानात त्यांनी जिथं विरोध कमी आहे तिथून सुधारणा करत जावं असं सांगितलं होतं. मिजाशीनं ते सावध, जवळजवळ परंपरावादीच. त्यांनीही १८९१ साली या विधेयकाला पाठिंबा दिला. कृष्णाजी लक्ष्मण नूलकर कायदेमंडळात बाजूनं बोलले. विरोधात उभे राहिले ते बंगालचे सर रमेशचंद्र मित्र. आणि विधेयक मंजूर झालं.

दुसरं नुकसान जास्त खोल आहे, आणि त्याबद्दल बोलायलाच आपण जमलो आहोत. या सगळ्या वादात फुलमणी कुठं गेली? केसरीतल्या विरोधाच्या वळणाकडे पाहिलं तर सरकार दिसतं, सुधारक दिसतात, शास्त्र दिसतं, राष्ट्र दिसतं. दहा-अकरा वर्षांची मेलेली मुलगी दिसत नाही. डॉक्टर बायकांनी जोडलेल्या यादीला समोरासमोर उत्तर दिलं जात नाही. परंपरावादी भाषेचा हा सर्वांत जुना रोग. वाद ज्या माणसावरून सुरू झाला तो माणूस हळूहळू वाक्यातून गळून पडतो आणि त्याच्या जागी ‘समाज’ येतो, ‘अस्मिता’ येते. हे फक्त हिंदूंचं नाही. १९८५ साली शाहबानोच्या निकालानंतर जो गदारोळ झाला त्यातही म्हातारपणी तलाक दिलेली एक बाई आणि तिची पोटगी केव्हाच मागं पडली, राहिला तो ‘आमच्या कायद्यात कोर्टानं पडू नये’ हा सूर. १९५१ साली हिंदू कोड बिलावरून डॉ. आंबेडकरांनी राजीनामा दिला तेव्हाही विरोधकांच्या तोंडी शब्द १८९१ चेच होते, फरक एवढाच की आता परकं सरकार नव्हतं. ‘कायदा करायचा कुणी’ हा प्रश्न आपलं स्वतःचं कायदेमंडळ आल्यावर संपायला हवा होता. तो संपला नाही. तेव्हा कळलं की कित्येकांसाठी तो प्रश्न मुळात तो नव्हताच.

टिळकांसाठी मात्र तो खरा होता, असं आम्ही मानतो. त्यांना बालविवाहाचं प्रेम नव्हतं. म्हणूनच त्यांचं उदाहरण शिकण्यासारखं आहे. मुळातच प्रतिगामी असलेल्या माणसाच्या भाषेतून शिकायला काय मिळणार?

गर्दीच्या भाषेवर स्वार झालं की ती कुठं नेते याचे दोन किस्से सांगतो. पहिला कलकत्त्याचा. तिथल्या बंगवासी या पत्रानं संमतिवयाच्या विधेयकावर इतकं जहाल लिहिलं की सरकारनं १८९१ साली त्याच्यावर राजद्रोहाचा खटला भरला. १२४ अ या कलमाखालचा हिंदुस्थानातला तो पहिला खटला. ज्युरीचं एकमत झालं नाही आणि शेवटी माफीवर प्रकरण मिटलं. पण कलम वापरायचं कसं हे सरकार शिकलं, आणि सहा वर्षांनी त्याच कलमाखाली पिंजऱ्यात उभे होते टिळक.

दुसरा किस्सा पुण्याचा, आणि तो थोडा विनोदी आहे. ऑक्टोबर १८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये एक व्याख्यान झालं. त्यानंतर पाहुण्यांपुढं चहा-बिस्किटं आली. कोणी घोट घेतला, कोणी मानापुरता कप हातात धरला. गोपाळराव जोशी, म्हणजे डॉ. आनंदीबाईंचे यजमान, यांनी हजर असलेल्यांची नावं वर्तमानपत्रातून छापून आणली. त्यात रानडे होते आणि टिळकही होते. झालं, ग्रामण्य उभं राहिलं. तक्रार शंकराचार्यांपर्यंत गेली, चौकशी बसली. ज्या काळात टिळक सनातन्यांची बाजू लढवत होते त्याच काळात तेच सनातनी त्यांना मिशनऱ्याच्या चहाबद्दल जाब विचारत होते. टिळकांनी काशीला प्रायश्चित्त घेतल्याचं सांगितलं, तरी लोकांचं पूर्ण समाधान काही झालं नाही. धर्म बुडाला असं दुसऱ्याबद्दल ओरडायला शिकवलेली गर्दी उद्या आपल्याकडे बोट दाखवते, आणि तेव्हा तिला ‘अहो, प्रश्न धर्माचा नाही, कायदा कुणी करायचा याचा आहे’ असं समजावून सांगता येत नाही.

पुढचं आपल्याला माहीत आहे. १८९५ साली काँग्रेसचं अधिवेशन पुण्यात भरलं. दरवर्षी काँग्रेसच्याच मंडपात सामाजिक परिषद भरत असे. त्या वर्षी विरोध इतका तापला की रानड्यांनी माघार घेऊन परिषद फर्ग्युसन कॉलेजच्या आवारात हलवली. आगरकर त्याच वर्षी जूनमध्ये गेले होते, वयाच्या ३९ व्या वर्षाला महिना राहिला असताना. राजकीय चळवळ आणि सामाजिक सुधारणा यांचा एकत्र चालण्याचा रस्ता तिथं तुटला, आणि महाराष्ट्रात तो पुन्हा जोडायला फार काळ लागला.

आता एखादा म्हणेल, टिळक नंतर बदलले. बदललेही. मार्च १९१८ मध्ये विठ्ठल रामजी शिंदे यांनी मुंबईत अस्पृश्यतानिवारण परिषद भरवली. तिथं टिळकांनी अस्पृश्यता मानणाऱ्या देवालाच आपण देव मानणार नाही अशा अर्थाचं भाषण केलं. सभा दणाणून गेली. मग अस्पृश्यता स्वतः न पाळण्याच्या जाहीरनाम्यावर सह्या घेतल्या गेल्या. टिळकांनी सही केली नाही. अनुयायांच्या आग्रहामुळे केली नाही, असं सांगतात. १८९० साली ज्यानं सुधारकांना ‘सही करा’ म्हणून पेचात धरलं होतं, त्याच्यापुढं २८ वर्षांनी कागद आला होता.

तेव्हा आज एखाद्या परंपरावादी राजकारण्यानं आपल्याला विचारलं की मी बोलू कसा, तर आम्ही त्याला १८९० चा कागद काढून देऊ. कायदा कुणी करायचा, किती वेगानं करायचा, हे बेलाशक विचारा, तो तुमचा हक्क आहे. पण त्याच दमात सांगा की कायद्याशिवाय तुम्ही काय करणार, कोणत्या तारखेपर्यंत करणार, आणि तुमच्या स्वतःच्या घरात त्याची सुरुवात झाली आहे की नाही. आणि तुमच्या भाषणात त्या मुलीचं नाव यायला हवं, निदान एकदा तरी. ते नाव घेऊनही तुमचा युक्तिवाद उभा राहिला तर तो ऐकायला लोक थांबतील, विरोधकही थांबतील.

शेवटी थोडा हिशोब, म्हणजे ‘समाज आपणहून करेल’ या वाक्याला किती वेळ लागतो ते कळेल. १८९१ ला संमतिवय बारा झालं, आणि अंमलबजावणी इतकी सैल होती की कायदा बराचसा कागदावरच राहिला. १९२५ साली विवाहित मुलीसाठी ते तेरा झालं. चौतीस वर्षांत एक वर्ष. मग सर मोरोपंत जोशी यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं देशभर फिरून साक्षी घेतल्या, आणि १९२९ साली शारदा कायदा आला: लग्नाचं वय मुलीला चौदा, मुलाला अठरा. १९४९ साली मुलीचं पंधरा झालं, १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यातही पंधराच राहिलं. टिळकांच्या कागदावरचं सोळा कायद्यानं ओलांडलं ते १९७८ साली, एकदम अठरा करून.

इथे थांबू. प्रश्न असतील तर घेऊ या.